धाकट्या जावेच्या ओठांचा रंग

आधीच सांगून टाकते, मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. वाटायचा असं नाही, वाटतो. असलं काही कबूल करायची वेळ आली की लोक "तेव्हा लहान होते, अक्कल नव्हती" म्हणून पळवाट ठेवतात. मी त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांची होते. आणि अक्कल म्हणाल तर पेडण्याच्या अर्ध्या बायका ती माझ्याकडे मागायला यायच्या.

पेडण्याच्या बाजारात आमचं काकणांचं दुकान आहे. काकणं, टिकल्या, चाप, पावडरी, नखांचे रंग. आधी सासू चालवायची. तिचे गुडघे गेले तेव्हापासून गल्ल्यामागे मी. हात जरा दाबून बघितला की कुठल्या मापाचं काकण चढेल ते मला कळतं, बाईने तोंड उघडायची गरज नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या चुड्यासाठी तिची आई आली की आधी स्टुलावर बसणार, पाणी पिणार आणि म्हणणार, "बाय, तू सांग." सकाळी शटर वर करायला मला जो हुरूप यायचा तो या "तू सांग"मुळे यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

मग दिराचं लग्न झालं आणि ही आली. डिचोलीकडची, माहेर पाळी गावचं. वडील खाणीवर मशीन चालवून निवृत्त झालेले, आई घरात. आम्ही पेडणेकर "काय"ला "कितां" म्हणतो, ती "कितें" म्हणते. एवढासाच फरक, पण माझ्या सासूला त्याचं कोण कौतुक! ती दारातून आत आली की सासू तिची नक्कल करायची, "कितें गो, कितें?" आणि दोघी खिदळायच्या. मी त्या घरात तेवीस वर्षं राहिले होते. माझी नक्कल करावी असं कोणाला कधी काही सापडलं नाही.

नोकरी मोपाच्या विमानतळावर. काउंटरवर उभं राहून प्रवाशांच्या बॅगा तोलायच्या आणि हसायचं. गणवेश, घट्ट अंबाडा, गळ्यात रुमाल आणि ओठ. हो, ओठच. मी संध्याकाळी दुकानातून घरी यायचे तेव्हा कपाळावरचं कुंकूसुद्धा घामाने नाकापर्यंत आलेलं असायचं. ही नऊ तासांची ड्युटी करून गाडीतून उतरायची आणि ओठ सकाळी निघताना होते तसेच! पिकलेल्या भिरंडासारखे, म्हणजे रातांब्यासारखे लाल. मधल्या वेळात ती जेवलेली असायची, चहा प्यालेली असायची, शंभर माणसांशी बोललेली असायची. मी रोज बघायचे आणि रोज ठरवायचे की उद्या बघायचं नाही.

शेवटी न राहवून एकदा विचारलंच. ती दुकानात आली होती, दोन-तीन गिऱ्हाईकंही होती. तिने पर्समधून बोटाएवढी काचेची नळी काढून दाखवली.

"लिप स्टेन म्हणतात, वयनी."

"स्टेन म्हणजे डाग मगो?"

"हय."

"अगो, मग तो विकत कशाला घ्यायचा? भिरंडां फोडायला बस आमच्या परसात. हवे तेवढे डाग फुकट!"

गिऱ्हाईकं हसली. मला बरं वाटलं. पण तीही हसली, अगदी मनापासून, आणि वर नळी माझ्यापुढे धरून म्हणाली, "तूंय लावन पळय मगो एकदां." मी म्हटलं, "नाका गो बाय. माझ्या वयात ओठ जेवायला असतात." पुन्हा सगळ्या हसल्या. मात्र जाता जाता त्यातल्या एकीने ती नळी हातात घेऊन उन्हात धरून बघितली, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

आठवड्याभरात विचारणा सुरू झाली. "बाय, तुजी जाव लायता तसली आसा मगो?" मी आधी नाक मुरडलं. मग म्हापशाहून माल आणणाऱ्याला सांगून एक डबा मागवला, कारण गिऱ्हाईक परत पाठवणं माझ्या रक्तात नाही. तिच्यासारखी भारी नव्हे, साधीच, पण जात तीच. लावताना तेलकट चकचकीत, आणि चकाकी गेली तरी खाली रंग राहतो.

त्यानंतर काय सांगू! काकणं भरताना बायका दुसरं बोलेनात. शाळेतल्या एका बाईंना ती आवडली ती चहाच्या कपाला लागत नाही म्हणून. मुख्याध्यापकांच्या खोलीत कप परत ठेवताना त्यांना आधी लाज वाटायची. बँकेत असणारी एक म्हणाली, लिपस्टिकने ओठ भिंतीसारखे रंगवलेले वाटतात, ही लावली तर आपलेच ओठ वाटतात, फक्त बरे दिवस आलेले. एका म्हातारीने नातीची लावून बघितली आणि दात पडल्यापासून पहिल्यांदा कोणी तरी तिला तोंडावरून बरं म्हटलं.

ही असली स्तुती मी या कानाने ऐकायचे आणि त्या कानाने सोडायचे. तक्रारी मात्र मी जपून ठेवायचे. स्कूटरवरून कॉलेजला जाणारी पोरगी म्हणाली, चकाकी ओली असेपर्यंत सगळे केस तोंडाला चिकटतात. खाणीकडून येणाऱ्या एकीने सांगितलं, तिथल्या तांबड्या धुळीत ही लावून दहा मिनिटं उभं राहिलं की ओठांवर अंगण सारवल्यासारखं होतं. कोणाच्या ओठांची सालं निघाली. कोणाचा मधला रंग सोलकढीबरोबर पोटात गेला आणि कडेची रेघ तेवढी राहिली, आणि ती तशीच एका बारशाला फिरून आली. सगळ्यांत जास्त बोंब होती ती रंगाच्या लबाडीची. लावताना दिसतो फिका गुलाबी, आणि पाव तासाने बघावं तर रक्त प्यायल्यासारखं तोंड!

या तक्रारी मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी पानात लोणचं वाढावं तशा वाढायचे. "आज एकीचे ओठ फुटले म्हणे तुझ्या त्या डागाने." ती रागावली असती तर माझं जेवण गोड झालं असतं. ती शांतपणे सांगायची, "ओंठ सुके आसल्यार लावचें न्हय, वयनी. आनी काढटना खोबरेल लावचें, साबू न्हय." सासू लगेच म्हणायची, "बघ, तिका सगळां ठावक." झालं. ते खोबरेल माझ्या डोक्यात शिरायच्या आधीच मी बाहेर हाकललं. तिच्या तोंडून आलं होतं ना.

आणि मग एक दिवस, जिच्या तीन मुलींचे चुडे मी भरलेत ती बाई दुकानात आली, स्टुलावर बसली, पाणी प्याली. चौथ्या मुलीचं लग्न. मी काकणांचे जोड काढायला लागले तर म्हणते कशी, "बाय, तुजी जाव केन्ना येता? चेडवाक रंग खंयचो शोभतलो ता तिका विचारूंक जाय." मुलीला रंग कुठला शोभेल ते आता तिने सांगायचं, मी नाही. मी हातातले जोड परत खोक्यात ठेवले. मला त्या बाईचा राग आला नाही. धाकट्या जावेचा आला, आणि असा आला की त्या दिवशी मी तिच्याशी मीठ मागण्यापुरतंही बोलले नाही. पण बाजारात, दुकानात, जिथे चार कान असतील तिथे मी म्हणत राहिले, की घरंदाज बाईला असली थेरं शोभत नाहीत. मी मेले तरी लावणार नाही, असंही म्हटलं. ते ऐकलेल्या निदान वीस बायका मी आज मोजून दाखवीन.

तर वैशाखातली गोष्ट. तिच्या वडिलांना दम लागला म्हणून ती आदल्या दिवशीच दिरासोबत पाळीला गेली होती. मी दुपारी एकला दुकान बंद करून घरी आले. जेवणं झाली. नवरा घोरत होता, सासू पडली होती. वारा सुटला आणि धाकटीच्या खोलीतल्या खिडकीचं जनेल आपटायला लागलं. मी ते लावायला गेले. खरंच, लावायलाच गेले.

टेबलावर ती नळी होती. घाईत विसरून गेलेली.

माझ्या दुकानात तसल्या डझनभर पडल्या होत्या. पण मला तसल्यातली नको होती. मला तिची हवी होती. मी दाराला कडी घातली, आरशासमोर उभी राहिले आणि लावली. चिकट, गार, गोडसर वासाची. रंग? रंग दिसेचना. गिऱ्हाईकांनी शंभर वेळा सांगितलेलं, तरी मला वाटलं माझे ओठ काळसर म्हणून दिसत नसेल. दुसरा हात दिला. मग मेंदीसारखं वाटलं, जास्त लावली, जास्त वेळ ठेवली तर रंगेल, म्हणून तिसरा.

मग मी आरशात बघत उभी राहिले. आणि मी चांगली दिसत होते! आता लपवायचं काय. ओठ भरलेले दिसत होते, ओले, दहा वर्षांनी लहान. मी मान तिरकी केली. अंबाडा जरा वर धरला. आणि हळूच, कोणी ऐकू नये अशा आवाजात, आरशाला म्हटलं, "कितें?" तिच्यासारखं. दोनदा म्हटलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

दिराचा होता. मी पदर तोंडाला लावून बाहेर आले. जावेचे वडील गेले होते. पाच वाजता नेणार. नवरा उठून शर्ट चढवायला लागला, सासू पलंगावरूनच म्हणाली, "तू गेल्याशिवाय जावचा ना. माज्यान येवंक जायना. आमच्या घरातली बाई नको तिथे?" बरोबर होतं तिचं. मुलीवर असा प्रसंग आला की सासरच्या मोठ्या बाईने तिच्याजवळ जाऊन बसायचं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. माहेरचे लोक बघत असतात, कोण आलं, कोण नाही.

मी न्हाणीत धावले. साबण लावला. चकाकी गेली आणि खालून जे वर आलं ते बघून मी पुन्हा साबण घासला. लाल. लग्नातल्या नवरीलासुद्धा जास्त होईल एवढा लाल. खोबरेलाची बाटली समोर फळीवर होती, देवाशपथ, नाकासमोर. मला तिचं बोलणं आठवलंच नाही, कारण मी ते कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. मला आठवलं ते माझं शहाणपण. भिरंडांचे हात आपण कशाने काढतो? लिंबू आणि मीठ. अर्धं लिंबू घेतलं, मिठात बुडवलं आणि घासलं. आई गं! डोळ्यांतून पाणी आलं, ओठ जळायला लागले, आणि रंग तसाच. वर ओठ सुजले. आधी ते लाल होते, आता लाल आणि मोठे झाले. मी वरून पावडर थापली, ती भेगांत जाऊन बसली. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.

मी गाडीत बसले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, म्हणजे हातात पिशवी आणि पाण्याची बाटली आहे ना ते बघितलं. एरवी या गोष्टीवरून माझी चिडचिड होते. दीर बायकोने टिकली बदलली तरी ओळखतो. त्या दिवशी मात्र मी नवऱ्याच्या या गुणाला हात जोडले.

अस्नोडा गेलं, डिचोली गेली. मी पदर तोंडावर धरून बसले होते, नवरा म्हणाला, धूळ आहे, काच वर कर. माझ्या डोक्यात एकच चक्र. तिला दिसणार. नळी कुठे राहिली ते तिला आठवणार. आपण आपल्या बापाचं प्रेत घेऊन बसलोय आणि आपली मोठी जाऊ आपल्या खोलीत शिरून आपलीच लाली लावून नटून आलीय, हे तिला कळणार, आणि ते सगळ्या पाळीसमोर. एका दिवसात पेडण्याच्या बाजारात पोचेल. मग "तू सांग" कोण म्हणणार मला? मी उतरून परत जावं असंही मनात आलं. एका मेलेल्या माणसापेक्षा मला माझ्या तोंडाची काळजी जास्त होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दारात पोचले तर एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. अशा घरी सगळ्याच बायका तोंडाला पदर लावून बसलेल्या असतात. मी तसाच पदर दाबून आत गेले. लिंबाने डोळे आधीच लाल झालेले. "सासरची आयली," म्हणून बायकांनी जागा करून दिली. मी भिंतीला टेकून बसले आणि मान खाली घातली. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मग ती आतल्या खोलीतून आली. मी तिला कधी तशी बघितली नव्हती. केस सुटलेले, तोंड धुतलेलं, ओठ कोरडे आणि पांढुरके, त्यावर साल निघालेली. मला वाटलं होतं, रंग काढला की तीही आपल्यासारखीच असेल. नव्हती. त्या तसल्या अवस्थेतही ती अशी दिसत होती की माझ्या पोटात ओळखीचं काहीतरी दुखलं. तिथे, प्रेताच्या चार हातांवर! लाज वाटली, पण दुखायचं काही थांबलं नाही.

ती सरळ माझ्याकडे आली, "वयनी" म्हणाली आणि गळ्यात पडली. मी तिला धरायला दोन्ही हात वर केले. पदर सुटला.

ती मागे झाली तेव्हा तिने बघितलं. माझ्या ओठांकडे, मग डोळ्यांकडे. तिला सगळं कळलं. आपल्या काउंटरवर कोणाच्या बॅगेत काय आहे ते ओळखणारी बाई ती, तिला किती वेळ लागणार. बाजूला तिची आत्या बसली होती, तिनेही बघितलं, आणि चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं, "अगो, हिच्या तोंडाक कितें जालें?"

चार माना वळल्या.

धाकटीने माझा पदर उचलला, माझ्या तोंडावर नीट धरला आणि आत्याला म्हणाली, "तिका सुंगटां सोसनात, आते. खाल्लीं काय ओंठ अशे लाल जातात, सुजतात. आमचो फोन गेलो आनी जेवणावयल्यान उठून आयल्या ती." सगळं कोळंबीवर ढकललं तिने. आवाज रडून बसला होता, पण एक शब्द अडखळला नाही. आत्या "अरे देवा" म्हणाली. माना परत वळल्या.

आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

तेव्हा मला जे रडू फुटलं त्याला मर्यादा राहिली नाही. मी हुंदके देऊन रडले, ओरडून रडले. वडिलांसाठी नाही. त्यांना मी आयुष्यात चार वेळा भेटले असेन. मी रडले ते हेव्याने. बाप समोर पडलेला असताना हिला माझी अब्रू सांभाळायला सुचलं! मी तिच्या जागी असते तर आत्याच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. तिचे ओठ, तिची नोकरी, सासूचं ते "कितें गो", सगळं एकवेळ पचवलं असतं मी. हे कुठे ठेवू?

पाळीच्या बायकांनी ते रडणं बघितलं. मोठी जाऊ लेकीपेक्षा जास्त रडली, असं तिथे झालं. जाऊ असावी तर अशी, असं तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. धाकटी ते ऐकते आणि मान हलवते.

नळीबद्दल ती मला कधी बोलली नाही. मीही नाही. चार वेळा तोंडावर आलं होतं, पण तिने आधीच माफ केलेलं असणार, हे माहीत असताना माफी मागायला जीभ वळत नाही.

वर्षश्राद्ध झालं, त्यानंतर तिच्या आईने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. सुंगटांचं नारळाचं हुमण केलं होतं, ताजी, मोठाली सुंगटं, आणि वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सुंगटं म्हणजे माझा जीव. त्यांच्यावाचून माझा रविवार जात नाही आणि हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी ताट पुढे केलं तर तिची आई लगबगीने आली, "ना, ना, तिका नाका! तिचे ओंठ सुजतात!" आणि माझ्यासाठी वेगळी केलेली डाळ आणि भेंडीची भाजी आणायला पाठवलं धाकटीला.

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

ती डाळ घेऊन आली. वाकली, माझ्या भातावर वाढली, कडेने भाजी ठेवली. मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. डोळ्याच्या कोपऱ्यात, ओठांच्या टोकाला, कुठेतरी थोडीशी गंमत असेल म्हणून बघत होते. एवढंसं जरी हसली असती ना, तर मी तिला सगळं माफ केलं असतं.

"आनी थोडी वाडूं, वयनी?" तिने विचारलं, अगदी मायेने.

मी वाढ म्हटलं.